सात बेटांचे सांडपाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



 चिटणीससाहेबांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘सांडपाणी’ असे उत्तर दिले. टेलिफोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते अदबीने म्हणाले, "साहेब, समारंभानंतर जेवणाचा कार्यक्रम आहे." मी म्हटले, "म्हणूनच तर! जेवणापूर्वी शंभर-दीडशे माणसे हात धुतील, जेवणानंतर पुन्हा धुतील, भांडी घासली जातील. ते सगळे पाणी कोठे जाईल, हे एकदा तरी कोणी सांगावयास हवे."

मित्रहो, माझे सारे आयुष्य याच प्रश्नात गेले. मी नोकरीला लागलो तेव्हा नात्यातली मंडळी मला ‘गटारसाहेब’ म्हणत. माझ्यासाठी स्थळे येऊ लागली तेव्हा आई मुलीकडच्यांना सांगे, "मुलगा इंजिनियर आहे." "कसला?" असे कोणी विचारले की ती घाईने म्हणे, "सरकारी." तिने कधी ‘ड्रेनेज’ हा शब्द उच्चारला नाही. मला तेव्हा याचे हसू येई. पुढे एक प्रसंग असा घडला की ते हसू मावळले. तो प्रसंग मी ओघात सांगणारच आहे. आधी आपल्या या शहराची गोष्ट सांगतो.

आधी पाणी आले, मग गटार

मुंबई हे मूळचे सात बेटांचे गाव, हे आपण शाळेत शिकतो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. या बेटांमधून समुद्राचे पाणी आत-बाहेर करीत असे. १७८४ च्या सुमारास महालक्ष्मी आणि वरळी यांमधली मोठी फट हॉर्नबी वेलार्ड बांधून बुजविण्यात आली. त्यानंतर हळूहळू भराव पडत गेले आणि सात बेटांचे एक बेट झाले. भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव अशा सखल भागांत वस्ती वाढली. जमीन मिळाली खरी, पण तिची उंची मिळाली नाही. भरतीच्या वेळी समुद्र बाहेर वर आणि आपली वस्ती आत खाली, अशी स्थिती कायमची होऊन बसली.

हे समजण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही. आपण सर्वजण हाजी अलीच्या दर्ग्याला गेला आहात. तेथे जाणारी वाट ओहोटीला उघडी असते आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. आता अशी कल्पना करा की त्या वाटेच्या जागी गटाराचे तोंड आहे. ओहोटीला गटार समुद्रात रिकामे होईल. भरतीला मात्र समुद्रच गटारात शिरेल आणि आतली घाण मागे रेटील. बेटावरच्या शहराची अडचण आहे ती ही. डोंगरावरच्या गावाला उतार मिळतो, बेटाला तो पंपाने विकत घ्यावा लागतो.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. त्याआधी विहिरी आणि टाक्या होत्या. पाणी मोजके असल्यामुळे सांडपाणीही मोजकेच असे. मैला टोपल्यांतून माणसे वाहून नेत. नळ आल्यावर लोकांना आनंद झाला, पण आलेले पाणी जाणार कोठे याचा विचार तितक्या तातडीने झाला नाही. उघड्या गटारांतून ते सखल भागांत साचू लागले. पुढच्या काही दशकांत जमिनीखाली विटांच्या मलवाहिन्या बांधण्यात आल्या. वरळीला लव्ह ग्रोव्ह येथे पंप बसवून मैलापाणी समुद्रात सोडण्याची व्यवस्था झाली. त्या काळच्या मानाने ते मोठे काम होते. मात्र त्यामागची समजूत एवढीच होती, की समुद्र अफाट आहे आणि त्यात काहीही टाकले तरी ते नाहीसे होते.

विहारनंतर तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा असे एकेक तलाव जोडले गेले. आज सात तलावांतून मिळून मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्यातले बरेचसे शहापूर-मोखाड्याच्या बाजूने, शंभर-शंभर किलोमीटरवरून येते. ज्या गावांच्या शेजारी हे तलाव आहेत तेथल्या आयाबहिणी उन्हाळ्यात हंडे घेऊन मैल-मैल चालतात, हेही आपण विसरता कामा नये. म्हणून मी म्हणतो की नळाला येणारे पाणी ही आपली मालमत्ता नाही. ती अमानत आहे. अमानत वापरता येते, पण ती परतही करावी लागते, आणि ज्या अवस्थेत घेतली निदान त्याच्या जवळपासच्या अवस्थेत करावी लागते.

समुद्राचा श्वास

आता हिशेब करू. शहरातल्या माणसाला दरडोई रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे आपल्या देशात धरले जाते. त्यातले सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे ५४० लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर छत्तीस घागरी झाल्या. या छत्तीस घागरी आपण रोज कोणाच्या तरी दारात ओतत असतो.

सांडपाण्यात घाण किती असते, असे विचारले तर बहुतेक लोक फार मोठा आकडा सांगतात. प्रत्यक्षात हजार भागांत नऊशे नव्याण्णव भाग निव्वळ पाणीच असते. घाण असते ती उरलेल्या एका भागात. पण तो एक भागच सारा अनर्थ करतो.

तो कसा, ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि मासळी त्यावर जगते. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या एका लिटर पाण्यात हा प्राणवायू जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम असतो. सांडपाण्यातली घाण कुजते तेव्हा ती कुजवणारे जंतू हाच प्राणवायू वापरतात. एक लिटर कच्च्या मैलापाण्याला पाच दिवसांत त्यासाठी दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक प्राणवायू लागतो. म्हणजे आपले एक लिटर मैलापाणी समुद्राच्या सुमारे तीस लिटर पाण्याचा श्वास काढून घेते. खोल समुद्रात लाटा आणि वारा ही तूट भरून काढतात. अरुंद खाडीत ती भरून निघत नाही. पाणी काळे पडते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मासे दुसरीकडे जातात किंवा मरतात.

मिठी नदीचे उदाहरण घ्या. ही नदी पवई आणि विहारच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघते आणि सुमारे अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. ज्या विहारने मुंबईला पहिले नळाचे पाणी पाजले, त्याच विहारच्या पाण्याची ही लेक. वाटेत तिच्यात वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळत गेले. ज्या माहीमला चौदाव्या-पंधराव्या शतकात मखदूम अली माहिमी यांच्यासारख्या थोर विद्वानाने वास्तव्य केले, त्या माहीमच्या खाडीवरच्या पुलावरून जाताना आज आपण गाडीच्या काचा वर करतो. काच वर केली की वास नाहीसा होतो. खाडीकाठच्या कोळी बांधवांना मात्र वर करावयास काच नाही. आणि आपल्यापैकी ज्यांची मुळे कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत आहेत, ज्यांचे आजोबा होडीवर होते, त्यांना मासे नसलेली खाडी म्हणजे काय, हे मी वेगळे सांगावयास नको.

वासाइतकीच वाईट गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. बऱ्याच वस्त्यांत नळ दिवसातून काही तासच येतो. पाणी बंद झाले की नळीतला दाब नाहीसा होतो. अशा वेळी नळी फुटकी असली आणि शेजारून गटार वाहत असले, तर गटाराचे पाणी नळीत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पहिल्या धारेबरोबर हंड्यात येते. पटकी, विषमज्वर, कावीळ आणि लहान मुलांची हगवण यांतली बरीचशी दुखणी याच वाटेने घरात येतात. समुद्रात टाकलेली घाण दूर गेली असे आपल्याला वाटते, पण ती नळाने परत येऊ शकते.

विरजणाची युक्ती

यावर उपाय काय? उपाय आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. मैलापाणी केंद्रात आले की प्रथम जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या, प्लॅस्टिक, लाकडाचे तुकडे अडतात. मग रेती खाली बसते. मग मोठ्या हौदात पाणी संथ ठेवले की जड घाण तळाशी जाते. तांदूळ धुतलेले पाणी थोडा वेळ ठेवले की पीठ खाली बसते, तसेच हे. एवढे केले तरी विरघळलेली घाण पाण्यातच राहते. तिच्यासाठी जंतूंनाच कामाला लावावे लागते.

१९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेस ते शुद्ध होण्यास कित्येक आठवडे लागले. पण त्यांनी तळाशी बसलेला गाळ टाकून दिला नाही. तो तसाच ठेवून त्यावर नवे मैलापाणी ओतले आणि पुन्हा हवा सोडली. असे करीत गेल्यावर आठवड्यांचे काम काही तासांवर आले. त्या गाळात घाण खाणारे कोट्यवधी जंतू तयार झालेले होते. आपल्या घरातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. काल लावलेल्या दह्यातले चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावतात, तोच हा प्रकार. आजही जगातल्या असंख्य केंद्रांत हीच विरजणाची पद्धत चालते. या संशोधनामागे ज्यांचे मार्गदर्शन होते ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन प्राध्यापक झाले.

मुंबईचाही या शास्त्रात वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलापाण्यावर प्रयोग झाले आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालविण्यात आले. गोबर गॅस ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच समजेल.

मग एवढे ज्ञान असताना मुंबईचे मैलापाणी अशुद्ध का राहिले? एक कारण जागेचे. बेटावर जमीन सोन्याच्या भावाची. शुद्धीकरणाला हौद लागतात, हौदांना जागा लागते. दुसरे कारण पैशाचे. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण मनाचे. नजरेआड झाले म्हणजे काम झाले, ही ती समजूत. रस्ता किंवा पूल झाला की लोक पाहतात, उद्घाटने होतात. जमिनीखालची वाहिनी कोणाला दिसत नाही.

तरीही काम पुढे सरकले आहे. १९९५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जाने मोठी योजना झाली. वरळी आणि वांद्रे येथून समुद्राच्या तळाखालून सुमारे साडेतीन-साडेतीन किलोमीटरचे बोगदे काढण्यात आले, म्हणजे मैलापाणी किनाऱ्याला न लागता खोल पाण्यात पसरावे. वर्सोवा, घाटकोपर, भांडुप येथे हवा घुसळणारी तळी झाली. पण वरळी-वांद्र्यात मैलापाणी जाळ्यांतून आणि रेतीच्या हौदांतून काढून समुद्रात सोडण्यापलीकडे फारसे होत नव्हते. पुढे कुलाब्याला रोज तीन कोटी सत्तर लाख लिटरचे नवे केंद्र उभे राहिले. २०२३ च्या जानेवारीत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात केंद्रांची पायाभरणी झाली. सातांची मिळून क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर आणि खर्च १७ हजार कोटी रुपयांच्या वर. सात बेटे, सात तलाव आणि आता ही सात केंद्रे. बेटे निसर्गाने दिली, तलाव पूर्वजांनी बांधले. केंद्रे नीट चालवून दाखविणे ही आपल्या पिढीची परीक्षा आहे. नुसती बांधून भागत नाही. पंप बंद पडला, वीज गेली, विरजणाचे जंतू मेले, की कोट्यवधींचे केंद्र नुसता हौद होऊन राहते.

पूर्ण गुण

आता तो प्रसंग सांगतो. साल १९७९. मी नुकताच पदवी घेऊन किनाऱ्यावरच्या एका गावी नोकरीला होतो. गावाचे नाव सांगत नाही. पावसाळा तोंडावर आला होता आणि बाजाराच्या मागची वाहिनी तुंबली होती. मुकादम चार माणसे घेऊन आला. मी वही घेऊन उभा होतो. दहा-बारा फूट खोल मॅनहोलचे झाकण काढले आणि काढताच एक जण आत उतरला. कमरेला दोर नव्हता. त्याने बांबूने तुंबारा ढोसला. वरून कोणीतरी त्याला हाक मारली. उत्तर आले नाही. पुन्हा हाक मारली. दुसरा माणूस त्याला काढण्यासाठी उतरू लागला तेव्हा मी त्याचा दंड धरून ठेवला. का धरला, ते मला त्या क्षणी आठवले. तुंबलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड वायू कोंडलेला असतो. तो हवेपेक्षा जड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, आणि फार झाला की नाकच मरते, वास येईनासा होतो. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

त्या माणसाला बाहेर काढण्यास चाळीस मिनिटे लागली. तो गेलेला होता. तिशीच्या आतला होता. मुकादम वयस्क गृहस्थ होता. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी काही बोललो नाही. कचेरीतल्या अहवालात ‘पाय घसरून पडल्याने मृत्यू’ असे लिहिले गेले. त्या अहवालावर माझी सही आहे.

या वायूची परीक्षा कशी करतात, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विचारा. लेड ॲसिटेटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी ओली करून आत सोडावी. वायू असला तर ती काळी पडते. पट्टीची किंमत काही पैसे. त्या मॅनहोलपासून दोनशे पावलांवर गावचे हायस्कूल होते आणि त्याच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्या पट्ट्या होत्या. झाकण आधीच उघडून ठेवणे, शेजारची दोन झाकणेही उघडणे, पट्टी सोडून पाहणे, दोर बांधणे. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नव्हता. लागत होते ते शिकलेल्या माणसाने एक पाऊल पुढे येणे. मी शिकलेला होतो आणि वही घेऊन उभा होतो.

त्या दिवसानंतर ज्या ज्या ठिकाणी माझा अधिकार चालला तेथे पट्टी आणि दोर यांशिवाय मी कोणाला उतरू दिले नाही. पण त्याने ती सही पुसली जात नाही.

आपल्या भाषेत या कामगाराला एक जुना शब्द आहे, हलालखोर. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात तर ‘हलालखोर कर’ होता. शब्दाचा अर्थ पाहा, हलाल कमाई खाणारा. नाव एवढे इज्जतीचे दिले आणि माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर उभे केले. आपणही यातून सुटलेलो नाही. नमाजच्या सफमध्ये आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, पण मोहल्ल्यातले गटार साफ करणाऱ्याला पाणी वरून ओततो. १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरीही अशा मृत्यूच्या बातम्या येतात. सोसायटीची टाकी साफ करण्यासाठी आपण ज्याला बोलावतो तो यंत्र घेऊन येतो की नुसती बालदी, हे पाहणे आपले काम आहे.

पाक पाणी

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शुद्ध केलेले मैलापाणी पाक मानावे काय? मी आलिम नाही. मसल्याचा जबाब आपण आपल्या मौलवीसाहेबांकडून घ्यावा. मला ठाऊक असलेली माहिती तेवढी सांगतो. १९७८ साली सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने तज्ज्ञांकडून सर्व प्रक्रिया समजून घेऊन असा निर्णय दिला, की शुद्धीकरणाने पाण्याचा रंग, वास आणि चव यांत घाणीचा मागमूस उरला नसेल तर ते पाणी पाक आहे आणि वुजूसाठी चालेल. पिण्याबाबत मात्र आरोग्याच्या दृष्टीने त्यांनी सावधगिरी सांगितली. रंग, वास, चव या तीन खुणा आपल्या फिकहमध्ये शेकडो वर्षांपासून आहेत. विज्ञानाने चौथी जोडली, ती म्हणजे दुर्बिणीखाली दिसणाऱ्या जंतूंची. दोहोंत मला कधी विरोध दिसला नाही.

सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेही मुंबईसारखे बेट, तेथेही जमिनीची टंचाई, आणि पाण्यासाठी शेजारच्या मलेशियावर अवलंबून. १९८७ पर्यंत तेथे काही भागांत मैला बादल्यांतून वाहिला जात होता. २००३ साली त्याच शहरात सांडपाणी इतके शुद्ध करणारी केंद्रे सुरू झाली की ते पाणी कारखान्यांना देता येऊ लागले आणि थोडे तलावांतही मिसळण्यात आले. ही मजल सोळा वर्षांत मारली गेली. पैसा तेथे आपल्यापेक्षा अधिक होता, हे कबूल. पण सुरुवात पैशाने झाली नाही. बेटावर ‘दूर’ नावाची जागा नसते, हे त्यांनी ओळखले तेथून सुरुवात झाली.

आपल्या हातातले

शेवटी, आपण काय करू शकतो? दोन-तीन गोष्टी सांगतो.

पालकांपैकी बहुतेकांची गावाकडे घरे आहेत. आखाती देशांतल्या कमाईने चांगले बंगले झाले, प्रत्येकात दोन-तीन संडास झाले. पण सेप्टिक टँक कोठे बांधली? बऱ्याच घरी मी ती विहिरीपासून दहा-पंधरा पावलांवर पाहिली आहे. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यातून पाणी लगेच पाझरते. टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यात भेगा असल्या तर आणखी दूर. टाकीचे पाणी उघड्या गटारात सोडू नका, शोषखड्ड्यात सोडा. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्या, आणि ती यंत्राने.

शहरात ज्यांची घरे व हॉटेले आहेत त्यांनी तेल-चरबी गटारात ओतू नये. ती थिजून वाहिनी बंद करते. बकरी ईदच्या दिवशी आतडी, कचरा गटारात जाता कामा नये. कुर्बानी आपली इबादत आहे, तिचा त्रास शेजाऱ्याला आणि गटारात उतरणाऱ्याला का व्हावा? आपल्या दीनमध्ये साफसफाईला इमानाचा भाग मानले आहे. ती सफाई आपल्या मोरीपाशी संपत नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, मुलांनो आणि मुलींनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. डॉक्टर व्हावे असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते. जरूर व्हा. पण ज्या रोगावर डॉक्टर औषध देतो तो रोग घरात येऊच न देणारी माणसेही लागतात. ही सात केंद्रे चालविण्यासाठी इंजिनियर लागतील, डिप्लोमा झालेले लागतील, पंप जाणणारे आयटीआयचे कारागीर लागतील, रोज पाण्याची परीक्षा करणारे रसायन आणि जंतुशास्त्राचे पदवीधर लागतील. प्रयोगशाळेतले हे काम मुली उत्तम करतात, हे मी अनुभवाने सांगतो. नागपूरला १९५८ पासून या विषयाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, ती आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. वाट खुली आहे. आणि पालकांना माझी विनंती, मुलाने ही वाट धरली तर नात्यात सांगताना आवाज खाली आणू नका. माझ्या आईने आणला होता, आणि ती अडाणी नव्हती.

परीक्षेत पूर्ण गुण जरूर मिळवा. मात्र ते मिळाल्यावर वही घेऊन काठावर उभे राहू नका. एवढे जरी तुम्ही लक्षात ठेवले तरी त्या बाजाराच्या मागे गेलेल्या माणसाचे माझ्यावरचे ऋण थोडे हलके होईल.

 आता जेवणास चलावे. हात धुताना नळ मात्र जपून सोडावा.

खुदा हाफिज. जय हिंद!